सीए नसताना जीएसटी प्रॅक्टिशनर कसं व्हायचं, पहिल्यापासून सांगते

"ताई, मी बी.कॉम. आहे, सीए नाही, मला लोकांचे जीएसटी रिटर्न स्वतःच्या नावावर भरता येतील का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. उत्तर हो आहे. त्यासाठी कायद्यात सरळ तरतूद आहे, सीजीएसटी कायदा २०१७ चं कलम ४८ आणि नियम ८३. मी स्वतः शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., कराडला एका टॅक्स कन्सल्टंटकडे सहा वर्षं टॅलीमध्ये एन्ट्र्या केल्या, रिटर्न तयार मी करायचे आणि भरले जायचे सरांच्या लॉगिनने. आपण हेच काम आपल्या नावावर करू शकतो हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही, सरांनीच शेवटी एके दिवशी "अर्ज का करत नाहीस" म्हणून विचारलं. तर मला जे शोधायला महिने लागले ते इथे एका जागी लिहून ठेवतेय.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

"टॅक्स प्रॅक्टिशनर" म्हटलं की लोक चार गोष्टी एकत्र करतात.

जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणजे जीएसटी पोर्टलवर नाव नोंदवलेला, नंबर मिळालेला माणूस. सीए ही वेगळी पदवी, टॅक्स ऑडिटवर सही फक्त त्यांचीच चालते, आपण तिकडे जायचं नाही. जुने लोक "एसटीपी" म्हणतात ते विक्रीकर आणि व्हॅटच्या काळातले सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर. आणि आपल्या महाराष्ट्रात "प्रोफेशनल टॅक्स" म्हणतात तो व्यवसाय कर तर पूर्णच वेगळा, त्याचं पीटीईसी सर्टिफिकेट काढलं म्हणजे आपण प्रॅक्टिशनर झालो असं एका मुलाने खरंच धरून ठेवलं होतं आणि दुकानाच्या बोर्डावर तो नंबर रंगवलाही होता. पीटीईसी आपल्याला लागतं, पण ते आपण स्वतः कर भरतो म्हणून. त्यावर पुढे लिहिते.

२. पात्रता आहे का ते बघा

भारतीय नागरिक हवं, मानसिक संतुलन ठीक हवं, दिवाळखोर ठरलेलं नसावं आणि सक्षम न्यायालयाने दोषी ठरवलेलं नसावं. हे सगळ्यांना लागू.

त्यानंतर यापैकी कुठलीही एक गोष्ट हवी:

- भारतीय विद्यापीठाची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, विषय कॉमर्स, लॉ, हायर ऑडिटिंगसह बँकिंग, बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन किंवा बिझनेस मॅनेजमेंट
- सीए, सीएस किंवा सीएमएची फायनल पास
- राज्याच्या विक्रीकर खात्यातून किंवा केंद्राच्या अप्रत्यक्ष कर खात्यातून निवृत्त, आणि किमान दोन वर्षं गट ब राजपत्रित किंवा वरच्या पदावर काम
- जुन्या कायद्याखाली किमान पाच वर्षं सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर किंवा टॅक्स रिटर्न प्रिपेअरर म्हणून नोंदणी

बी.ए. आणि बी.एस्सी. वाल्यांचे खूप मेसेज येतात. नुसत्या त्या पदवीवर होत नाही, एम.बी.ए. किंवा एलएल.बी. केलं असेल तर होतं. टॅलीचा कोर्स किंवा तीन महिन्यांचं "जीएसटी डिप्लोमा" सर्टिफिकेट काम शिकायला उपयोगी आहे, पण पात्रता म्हणून चालत नाही. क्लासवाल्यांनी काहीही सांगितलं तरी फी भरायच्या आधी नियम ८३ एकदा वाचा, दोन पानांचा आहे.

३. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

जवळ ठेवा: पॅन, आधार (मोबाईल जोडलेला), पदवी प्रमाणपत्र, पासपोर्ट साईज फोटो जेपीईजीमध्ये १०० केबीच्या आत, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा (वीजबिल, घरपट्टी, नाहीतर भाडेकरार), स्वतःचा ईमेल आणि मोबाईल. घरूनच काम करणार असाल तर घराचा पत्ता चालतो. बाकीच्या फाईललाही साईजची मर्यादा आहे, ती अपलोडच्या बटणाखाली लिहिलेली असते, त्यामुळे स्कॅन करतानाच हलक्या पण वाचता येतील अशा करा.

आता माझ्यासारख्या लग्न झालेल्या मुलींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे पदवीवर माहेरचं नाव, मध्ये वडिलांचं नाव, आडनाव कधी पहिलं कधी शेवटी. पॅन लग्नानंतर बदललेलं. आधारवर तिसराच प्रकार. पोर्टल नाव पॅनवरून घेतं आणि अधिकारी ते पदवीशी ताडून बघतो. माझ्या पदवीवरचं नाव आणि पॅनवरचं नाव यात स्वतःचं नाव सोडलं तर एकही शब्द सारखा नव्हता. मी नुसती पदवी जोडली आणि नवव्या दिवशी नोटीस आली, ही व्यक्ती तुम्हीच कशावरून. अर्ज नाकारला की काय म्हणून मी घाबरले, पण ती फक्त विचारणा होती. विवाह नोंदणी दाखला जोडून उत्तर दिलं आणि काम झालं. तुम्ही मात्र ही वेळच येऊ देऊ नका, पदवी आणि विवाह नोंदणी दाखला (किंवा नाव बदलल्याचं राजपत्र) एकाच पीडीएफमध्ये जोडून सुरुवातीलाच टाका. पदवीऐवजी नुसती शेवटच्या वर्षाची मार्कशीट टाकणारेही अडकतात.

४. पोर्टलवर अर्ज

अर्जाचं नाव पीसीटी-०१. सरकारी फी शून्य आहे. कोणी "जीएसटीपी लायसन्स काढून देतो, पाच हजार" म्हणत असेल तर ते त्याच्या टायपिंगचे पैसे आहेत हे लक्षात घ्या.

सर्व्हिसेस, मग रजिस्ट्रेशन, मग न्यू रजिस्ट्रेशन. तिथे "आय ॲम अ" च्या यादीत "टॅक्सपेअर" नाही, "जीएसटी प्रॅक्टिशनर" निवडा. हे न बघता पुढे गेलेले लोक धंद्याच्या नोंदणीचा अर्ज भरत बसतात. राज्य, जिल्हा, पॅनवर आहे तसं नाव, पॅन, ईमेल, मोबाईल टाकलं की मोबाईलवर एक आणि ईमेलवर एक असे दोन वेगवेगळे ओटीपी येतात, ते आपापल्या चौकटीत टाका. मग टीआरएन म्हणजे तात्पुरता नंबर मिळतो. हा नंबर १५ दिवस चालतो, तेवढ्यात अर्ज पूर्ण नाही केला तर पुन्हा पहिल्यापासून.

टीआरएनने लॉगिन केलं की चार टॅब दिसतात. पहिल्यात नोंदणी कोणाकडे हवी, केंद्र की राज्य, असं विचारतात. कामात यामुळे काही फरक पडत नाही, मी राज्य निवडलं. मग कुठल्या पात्रतेवर अर्ज करताय ते, विद्यापीठ, पास झाल्याचं वर्ष, पदवीची फाईल. दुसऱ्यात स्वतःची माहिती आणि फोटो, तिसऱ्यात ऑफिसचा पत्ता, चौथ्यात सही. सही आधारच्या ई-साईनने, ईव्हीसी ओटीपीने किंवा डिजिटल सिग्नेचरने होते. डिजिटल सिग्नेचर फक्त एवढ्यासाठी विकत घ्यायची गरज नाही.

सबमिट झालं की एआरएन म्हणजे अर्जाचा पोच नंबर येतो, तो स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

५. अर्ज गेल्यावर

रोज नाही, पण दोन दिवसांनी एकदा स्टेटस बघत जा आणि ईमेलचा स्पॅम फोल्डरही बघा, कारण विचारणा आली तर उत्तराला मुदत असते. सगळं ठीक असेल तर पीसीटी-०२ म्हणजे नावनोंदणीचं सर्टिफिकेट येतं, सोबत युजर आयडी येतो. एका राज्यात नोंदणी झाली की इतर राज्यांतही ती चालते, म्हणजे माझ्याकडे निपाणीचा एक २९ नंबरवाला आणि म्हापशाचा एक ३० नंबरवाला क्लायंट आहे, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. (जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे, आपला महाराष्ट्र २७, पुढचे दहा पॅन.)

६. परीक्षा

नावनोंदणी झाली म्हणजे संपलं असं नाही. नियम ८३अ प्रमाणे परीक्षा आहे, ती नासिन म्हणजे सीमाशुल्क, अप्रत्यक्ष कर आणि अंमली पदार्थ यांची राष्ट्रीय अकादमी घेते. नियमात नावनोंदणीपासून दोन वर्षांत पास व्हायचं असं म्हटलंय, त्या मुदतीत कितीही वेळा बसता येतं, दरवेळी नव्याने नाव नोंदवून फी भरायची. जुन्या एसटीपींना ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत वेळ दिला होता. नासिनची सूचना निघते त्यात ती परीक्षा नक्की कुठल्या गटासाठी आहे ते लिहिलेलं असतं, व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड न वाचता मूळ सूचना वाचा.

पेपर एकच, कॉम्प्युटरवर, १०० प्रश्न पर्यायी उत्तरांचे, २०० मार्क, वेळ अडीच तास, पास व्हायला १०० मार्क, चुकीला मार्क कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. भाषा इंग्रजी आणि हिंदी, मराठी नाही. इथे आपल्या लोकांना वाटतं हिंदी सोपं जाईल. पण कायद्याचं हिंदी वेगळं असतं, इनपुट टॅक्स क्रेडिटला (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, आपण नुसतं "क्रेडिट" म्हणतो) तिथे "इनपुट कर प्रत्यय" म्हणतात. रोज पोर्टल इंग्रजीत वापरत असाल तर पेपरही इंग्रजीत वाचा.

आमचे सर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. विक्रीकराच्या काळापासूनची प्रॅक्टिस, हाताखाली चार माणसं, आणि त्यांना परीक्षेला बसायचं होतं. महिनाभर रोज संध्याकाळी सहानंतर मी प्रश्न वाचायचे आणि ते उत्तर द्यायचे. पोर्टलवर काय होतं ते त्यांना तोंडपाठ होतं, अडायचे ते "कायद्यात काय लिहिलंय" तिथे. टाईम ऑफ सप्लाय, प्लेस ऑफ सप्लाय, व्हॅल्युएशनचे नियम, रिफंडचे फॉर्म. तेव्हा मला कळलं की रिटर्न भरता येणं आणि कायदा येणं या दोन गोष्टी आहेत. म्हणून गाईड घ्याच, पण सीजीएसटी आणि आयजीएसटी हे दोन्ही मूळ कायदे आणि नियम एकदा पूर्ण वाचा. कलम ७ ते १७ माझ्या मते दोनदा. अभ्यासक्रमात अधिसूचना आणि परिपत्रकंही येतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ चे टप्पे जाऊन मुख्य दर ५ आणि १८ झाले आणि काही वस्तूंना ४० आला, जुन्या पुस्तकात हे सगळं चुकीचं मिळेल.

७. क्लायंट जोडताना चावी त्याच्याच हातात ठेवा

मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ती याची. आपल्याकडे पद्धत काय पडलीय, तर व्यापाऱ्याचा युजर आयडी, पासवर्ड एका वहीत लिहून घ्यायचा, नोंदणी करतानाच ईमेल आणि मोबाईल आपला टाकायचा, म्हणजे ओटीपीसाठी फोन करायला नको. सोयीचं वाटतं. पण मग नोटीस आपल्या ईमेलवर येते, त्याला पत्ताच नाही, आपण आजारी पडलो किंवा गावाला गेलो की उत्तराची तारीख गेली. आणि उद्या त्याने प्रॅक्टिशनर बदलला तर त्याच्या धंद्याची दारं आपल्या मोबाईलवर उघडतात. माझ्याकडे एक पिठाच्या गिरणीवाले काका आले होते, त्यांची नोंदणी रद्द होऊन पाच महिने झाले होते आणि त्यांना माहीतच नव्हतं, सगळे मेसेज आधीच्या माणसाच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होते.

कायद्यातली पद्धत अशी. क्लायंट स्वतःच्या लॉगिनमधून सर्व्हिसेस, युजर सर्व्हिसेस, "एंगेज / डिसएंगेज जीएसटी प्रॅक्टिशनर" इथे जातो, आपला नावनोंदणी नंबर टाकतो, कन्फर्म करतो. आपण आपल्या लॉगिनमध्ये ते स्वीकारतो. एका वेळी एकाच प्रॅक्टिशनरला जोडता येतं, त्यामुळे आधीचा कोणी असेल तर त्याला आधी काढावं लागतं. मी हे क्लायंटसमोर बसून, त्याच्याच मोबाईलवर करून घेते आणि ओटीपी त्यालाच टाकायला लावते. पंधरा मिनिटं जातात.

जोडल्यावर आपल्याला काय करता येतं: विक्री-खरेदीचे तपशील आणि रिटर्न भरणं, कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या रोख खात्यात) पैसे भरायचं चलन, रिफंडचा अर्ज, नोंदणीत बदल किंवा रद्द करायचा अर्ज, ई-वे बिलाची (मालवाहतुकीच्या परवान्याची) माहिती, कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) जायची किंवा बाहेर पडायची सूचना. यातल्या रिफंड, नोंदणी आणि कंपोझिशनच्या अर्जांना क्लायंटचा होकार वेगळा घेतला जातो. अधिकाऱ्यासमोर त्याच्या वतीने हजरही राहता येतं, त्यासाठी पीसीटी-०५ चं अधिकारपत्र सोबत ठेवा. शपथेवर जबाबासाठी त्याला स्वतःला बोलावलं असेल तर तिथे तोच जाणार.

आणि हे वाक्य पहिल्याच भेटीत क्लायंटला मराठीत समजावून सांगा: रिटर्न प्रॅक्टिशनरने भरलं तरी त्यातल्या आकड्यांची जबाबदारी कायद्याने व्यापाऱ्याचीच राहते. म्हणून भरायच्या आधी मी दर महिन्याला विक्री, खरेदी, क्रेडिट, भरायचा कर या चार ओळी व्हॉट्सॲपवर पाठवते आणि त्याचा "ओके" आल्याशिवाय फाईल करत नाही.

८. तारखा

भिंतीवर लावून ठेवा.

- ११ तारीख: मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचे तपशील)
- १३: तिमाहीवाल्यांचं जीएसटीआर-१, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफ (त्या महिन्याची व्यापाऱ्यांना दिलेली बिलं टाकायची सोय)
- १४: जीएसटीआर-२बी तयार होतं (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी)
- १८: कंपोझिशनवाल्यांचं सीएमपी-०८ (कर भरायचं विवरण), तिमाही संपल्यावर
- २०: मासिक जीएसटीआर-३बी (महिन्याचा कर भरायचं रिटर्न)
- २२: तिमाहीवाल्यांचं ३बी, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी
- २५: तिमाहीवाल्यांचा तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर, पीएमटी-०६ चलनाने

तिमाही पद्धत ५ कोटींपर्यंत उलाढालवाल्यांना. वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्नला २०, आणि कर थकला तर वर्षाला १८ टक्के व्याज. धंदा बंद आहे म्हणून शून्य रिटर्न न भरणारे खूप असतात, त्यांना आधीच सांगा.

९. २बी वाचायला शिका

खरं काम इथे आहे. माझ्या एका हार्डवेअरवाल्याने १,००,००० चा माल घेतला, वर १८,००० जीएसटी. बिल हातात, पैसे दिलेले, बँकेची एन्ट्री आहे. २बी मध्ये ते बिलच नाही. बिल भिंगातून बघावं तसं बघितलं तर पुरवठादाराच्या माणसाने आमच्या जीएसटी नंबरातला एक शून्य इंग्रजी ओ समजून टाकला होता, सॉफ्टवेअरने तो घेतला नाही, म्हणून त्याने ते बिल किरकोळ ग्राहकाच्या विक्रीत दाखवून टाकलं. सरकारला कर पोचला, पण आमच्या खात्यात क्रेडिट नाही. २बी मध्ये नाही म्हणजे ते घेता येत नाही. दुकानदार म्हणत होता "बिल आहे ना माझ्याकडे, घ्या की". नाही घेतलं. त्या महिन्यात त्याला ते १८,००० रोख भरावे लागले, पुरवठादाराकडून दुरुस्ती करून घेतली आणि पुढच्या महिन्याच्या २बी ला क्रेडिट आलं.

म्हणून १४ तारखेला २बी डाउनलोड करायचं, एक्सेलमध्ये खरेदीच्या नोंदींशी जुळवायचं, जे नाही त्याची यादी त्याच दिवशी क्लायंटला द्यायची म्हणजे २० पर्यंत त्याच्या हातात पाच-सहा दिवस राहतात. सोबत हेही बघा की पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिलेत का, आणि आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेतलंय का.

याच कामात कधीतरी कोणीतरी "बिल मिळतंय दोन टक्क्यांत, क्रेडिट मारून देता का" म्हणून विचारतो. माल न येता आलेलं बिल कधीही भरू नका. तो क्लायंट गेला तरी चालेल. गैरवर्तन सिद्ध झालं तर नोंदणी जाते, पीसीटी-०३ ने नोटीस आणि पीसीटी-०४ ने आदेश, अपील ३० दिवसांत आयुक्तांकडे. त्याहून वाईट म्हणजे गावात नाव जातं.

१०. आपले स्वतःचे कर

पीटीईसी काढा, महाजीएसटीच्या साईटवर निघतं. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत भरायचा. टॅक्स कन्सल्टंट असा उल्लेखच त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे, त्यामुळे आपण सुटत नाही. स्वतःचा जीएसटी नंबर मात्र फी वर्षाला २० लाखांच्या वर जाईपर्यंत लागत नाही. फी घेताना बिल द्या, महिन्याच्या महिन्याला घ्या. वर्षअखेरीला एकदम मागितली की "एवढे कसले" सुरू होतं, मी पहिली दोन वर्षं यात खूप पैसे बुडवले.

जमलं तर जिल्ह्याच्या टॅक्स प्रॅक्टिशनर्स असोसिएशनचे सभासद व्हा. मुंबईत माझगावला जीएसटीपीएएम (महाराष्ट्राच्या जीएसटी प्रॅक्टिशनर्सची असोसिएशन) आहे, पुण्यात वेस्टर्न महाराष्ट्रवाल्यांची आहे, त्यांची व्याख्यानं होतात आणि अडलं की विचारायला माणूस मिळतो.

११. पहिला क्लायंट कोणता घ्यावा

एक्स्पोर्ट, कॉन्ट्रॅक्टर, ई-कॉमर्सवाला हे पहिल्या वर्षी घेऊ नका. कंपोझिशनमधला किराणावाला घ्या, उलाढालीवर १ टक्का, तीन महिन्यांतून एकदा सीएमपी-०८, क्रेडिटची भानगड नाही. तोपर्यंत एखाद्या जाणत्याच्या ऑफिसात बसून नेहमीच्या व्यापाऱ्याची सहा महिन्यांची २बी जुळवून बघा, कुठलं बिल का राहिलं ते प्रत्येकासमोर पेनाने लिहा. माझी तसली पहिली वही अजून टेबलावर आहे, नवीन मुलगी कामाला आली की तिला मी आधी तीच वाचायला देते.